आधी मागची धमनी

प्रिय मित्रा,

मेंदूतल्या धमनीचा फुगा (ॲन्युरिझम) बंद करताना टेम्पररी क्लिप, रक्त थोडा वेळ अडवणारा चिमटा, लावणं म्हणजे हात कच्चा असल्याची कबुली, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं ते विचारत नाही. काढून टाक. आधी मागची धमनी, म्हणजे फुग्याकडे रक्त आणणारा तुकडा, ताब्यात; मग फुगा.

पोस्टीरियर कम्युनिकेटिंगचा, म्हणजे कॅरोटिड या मेंदूच्या मोठ्या धमनीला जोडफांदी फुटते तिथला, फुटलेला ॲन्युरिझम घे. सिल्व्हियन फिशर (मेंदूच्या बाजूची खाच) उघड, सिस्टर्नमधलं, म्हणजे मेंदूभोवतीच्या पोकळ्यांतलं, पाणी सावकाश काढ. मेंदू आपणहून खाली बसतो. घाईत टेम्पोरल लोब (मेंदूचा कानाकडचा भाग) ओढलास तर घात. डोम, फुग्याचा माथा, पुष्कळदा त्यालाच चिकटलेला असतो, आणि नेक, फुग्याची मान, दिसण्याआधीच समोर सगळं लाल होतं. म्हणून नेककडे वळण्याआधी टेम्पररी क्लिप बसेल इतकी कॅरोटिड मोकळी कर. क्लायनॉइड, कवटीच्या तळाचा हाडाचा कंगोरा, आड येतोय? मग गळ्यातली कॅरोटिड तयार ठेव. पण मागची धमनी आधी!

या क्लिपची पकड मुद्दाम हलकी असते. तरी ती मिनिटं मोजूनच लावायची: भूलतज्ज्ञांना आधी सांग, रक्तदाब पडू देऊ नका म्हणावं, आणि दर मिनिट कुणीतरी मोठ्याने पुकारू दे. शक्यतो ५ मिनिटांच्या आत काढ. ती लावूनही कम्युनिकेटिंगमधून उलटं रक्त येतंच. फुगा मऊ पडतो, रिकामा होत नाही. तेवढा मऊपणा पुरतो.

कायमची क्लिप मिटण्याआधी पात्यांची दोन्ही टोकं बघ. जरा पुढेच अँटीरियर कोरॉइडल असते, दोऱ्याएवढी. ती पात्यांत सापडली तर अर्धं अंग जातं. मग डॉपलर (रक्ताचा प्रवाह ऐकवणारं यंत्र), आयसीजी (रक्त चमकवून दाखवणारा रंग). आयसीजीत क्लिपआडचं दिसत नाही, तेव्हा टोकांमागे स्वतः डोकाव. डोमला सुई टोचून तो रिकामा झाल्याची खात्री त्यानंतर.

फुगा मध्येच पुन्हा फुटला तर? फाटल्या जागी कापसाची पट्टी, वर सक्शन, आणि मागे टेम्पररी क्लिप. रक्तात चाचपडत कायमची क्लिप मारायची नाही, कधीच नाही. मागचा तुकडा मोकळा असेल तर हे सगळं शांतपणे होतं. नसेल तर कितीही चपळ हात असो, उपयोग नाही.

अमेरिकन सर्जन वॉल्टर डॅण्डींनी १९३७ मध्ये कॅरोटिडच्या ॲन्युरिझमवर चांदीची क्लिप लावली, तेव्हा मायक्रोस्कोप नव्हता. तुझ्याकडे आहे, तर त्यातून आधी मागे बघ.

माझ्या केसेस लांबतात म्हणून थिएटरात कुरकुर होते, हे तुझ्याही कानावर असेल. होऊ दे. मागची धमनी ताब्यात न घेता पुढे गेल्याचं मला अजून सलतं. उशीर झाल्याचं नाही.

पुढच्या ऑपरेशनचा व्हिडिओ पाठवशील तेव्हा डोमपासून सुरू करू नकोस. पहिली दहा मिनिटं कापू नकोस, मला तीच बघायची आहेत.