टेल लॅम्पच्या वायरी सोलून कॅरॅव्हॅनचे दिवे जोडले तर चालतं का?

तुमच्या गाडीला तरी नाही. तुम्ही लिहिलंय त्यानुसार गाडी अलीकडची एसयूव्ही आहे, मागचे दिवे एलईडी आहेत, टो बार (मागे ट्रेलर जोडायचा दांडा) बसवून झालाय आणि सेकंडहँड घेतलेल्या कॅरॅव्हॅनला, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराला, युरोपियन पद्धतीचा 13 पिनांचा प्लग आहे. वायरिंगवाला म्हणतोय, "मागच्या वायरी सोलून टॅप मारतो, तासाभराचं काम."

मीही सोलापुरातच, अक्कलकोट रोडला, गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. तो तुम्हाला फसवत नाहीये, एवढं आधी सांगतो. जुन्या जीपला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला आम्ही सगळे असंच जोडत आलो. तिथे स्विच, फ्यूज, वायर, बल्ब एवढाच मामला. एका बल्बाचे दोन झाले तरी वायरीला काही वाटत नाही. (साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की पंढरपूर रोडला रात्री ज्या ट्रॉल्या दिसतात, त्यातल्या निम्म्यांना एवढंही नसतं. नुसती रिफ्लेक्टरची पट्टी, तीही चिखलाने माखलेली. तुमची कॅरॅव्हॅन रात्री त्यांच्याच मागेपुढे चालणार आहे, म्हणून दिव्यांच्या बाबतीत मी जरा कडक बोलतोय.)

तुमच्या गाडीत दिवे पेटवण्याचं काम बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीतला एक छोटा कॉम्प्युटर, करतो. तो त्या एलईडीला लागेल तेवढाच करंट द्यायला बनवलाय. कॅरॅव्हॅनचे ब्रेक लाइट 21 वॉटचे दोन बल्ब, म्हणजे साडेतीन अँपिअर. हा भार अचानक अंगावर आला की मॉड्यूल एकतर ती लाइन बंद करून डॅशबोर्डवर बिघाड दाखवतं, नाहीतर त्याच्या आतला ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला करंट देणारा भाग, जळतो. शिवाय बऱ्याच गाड्यांत टेल लॅम्पला सलग 12 व्होल्ट जातच नाहीत, तुकड्यातुकड्याने पल्स जातात. म्हणून मध्ये साधा हॉर्नचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) टाकायची युक्तीही चालत नाही, तो नुसता टरटरत बसतो.

याला उपाय म्हणजे ट्रेलरचं बायपास मॉड्यूल. ते गाडीच्या दिव्यांकडून फक्त इशारा घेतं, तोही काही मिलिअँपिअरचा. दिवे पेटवायची ताकद मात्र थेट बॅटरीतून आणलेल्या वेगळ्या वायरीतून, 15 अँपिअरच्या फ्यूजमधून येते. फ्यूज बॅटरीला अगदी लागून हवा. मागे डिकीत बसवलेला फ्यूज मागचंच वाचवतो, मधली चार-पाच मीटर वायर बिनफ्यूजची राहते आणि ती नेमकी सायलेन्सरच्या जवळून जाते. घेताना ते मॉड्यूल पल्सवाल्या दिव्यांना चालतं का, हे विचारून घ्या.

आता सॉकेट. पिनांचे नंबर आणि त्यांच्या वायरींचे रंग असे. 1 पिवळी, डावा इंडिकेटर. 2 निळी, मागचा फॉग. 3 पांढरी, दिव्यांची अर्थ (करंट परत नेणारी, निगेटिव्हची वायर). 4 हिरवी, उजवा इंडिकेटर. 5 तपकिरी, उजवा टेल. 6 लाल, ब्रेक. 7 काळी, डावा टेल. 8 रिव्हर्स. 9 कायम चालू सप्लाय, 10 इग्निशनबरोबर चालू होणारा सप्लाय, 11 ही 10 ची अर्थ, 13 ही 9 ची अर्थ. 12 रिकामी ठेवा.

यात आपल्याकडच्या माणसासाठी एक सापळा आहे. आपल्या हाताला काळी म्हणजे अर्थ अशी सवय. इथे अर्थ पांढरी आहे आणि काळी म्हणजे डावा टेल लॅम्प. सवयीने काळी चेसिसला आवळली की पार्किंग लाइट लावताक्षणी फ्यूज उडतो. मग कारागीर मोठा फ्यूज टाकतो आणि तिथून पुढे खरा घोळ सुरू होतो. काम सुरू व्हायच्या आधी हे रंग एका कागदावर लिहून त्याच्या हातात द्या. रागावला तरी चालेल.

अर्थचं काम तर स्वतः उभं राहून करून घ्या. टो बारच्या बोल्टखाली वायर दाबली म्हणजे अर्थ झाली असं नाही, कारण बारवर पावडर कोटिंगचा थर असतो. बॉडीचा रंग खरवडून पत्रा उघडा करा, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) नीट क्रिंप करून, म्हणजे दाबून, घट्ट बसवा आणि वरून ग्रीस लावा. अर्थ सैल असली की काय होतं बघा: डावा इंडिकेटर द्यावा तर टेल लॅम्प लुकलुकतात, ब्रेक दाबावा तर इंडिकेटर मंद पेटतो. करंटला परत जायची सरळ वाट मिळत नाही, मग तो दुसऱ्याच बल्बांच्या फिलामेंटमधून वाट काढतो. असं दिसलं की बल्ब बदलत बसू नका, आधी पांढरी वायर तपासा. आणि 3, 11, 13 या तिन्ही अर्थ कॅरॅव्हॅनच्या बाजूला एकत्र जोडायच्या नाहीत. जोडल्या तर फ्रिजचा करंट दिव्यांच्या बारीक अर्थमधूनही परतायला लागतो.

फ्रिजकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. कॅरॅव्हॅनमधला गॅस, 230 व्होल्ट आणि 12 व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा फ्रिज 12 वर साधारण 10 अँपिअर ओढतो. बॅटरीपासून मागपर्यंत सहा मीटर धरा. 1 स्क्वेअरची (1 चौरस मिलिमीटर जाडीची) वायर टाकली तर जाताना एक व्होल्ट आणि तेवढ्याच जाडीच्या अर्थमधून येताना एक, असे दोन व्होल्ट वाटेतच जातात. 12 चे 10 झाले की फ्रिजच्या हीटरची ताकद तीस टक्क्यांनी घटते. सोलापूरच्या मे महिन्यात, 42 डिग्रीत, तो फ्रिज मग नुसतं कपाट. म्हणून सप्लाय आणि अर्थ दोन्ही 4 स्क्वेअरच्या टाका, सॉकेटजवळ शेवटचा वीतभर तुकडा 2.5 चा, आणि याला फ्यूज वेगळा. फ्रिज 10 नंबरच्या पिनवरच हवा. 9 वर जोडलात तर हॉटेलात जेवून येईपर्यंत काही होणार नाही, पण एका रात्रीत गाडीची बॅटरी बसेल. निघायच्या आदल्या दिवशी तो घरच्या विजेवर गार करून घ्या. 12 व्होल्टवर त्याने गारवा टिकवला तरी खूप.

कॅरॅव्हॅनमधली दुसरी बॅटरीही गाडीनेच चार्ज व्हावी असं वाटत असेल, तर नव्या गाड्यांचा स्मार्ट अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) आड येतो. गाडीची बॅटरी भरली की तो व्होल्टेज खाली आणतो आणि मागची बॅटरी अर्धवट राहते. तिथे डीसी टू डीसी चार्जरच (कमी आलेला व्होल्टेज वाढवून बॅटरीला देणारा) लागतो, साध्या रिलेने भागत नाही.

काम झाल्यावर मल्टिमीटरने 12 व्होल्ट दिसले म्हणून पैसे देऊ नका. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर 12 दाखवतो. सगळे दिवे आणि फ्रिज चालू करा, गाडीही चालू ठेवा. मग मीटरचं एक टोक गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं कॅरॅव्हॅनच्या आत फ्रिजच्या अर्थला लावा. अर्ध्या व्होल्टच्या आत आलं तर काम चांगलं. एक-दीड दिसलं तर कुठेतरी लग सैल आहे किंवा वायर बारीक घातलीय.

प्लगची केबल वळणावर ताणली जाणार नाही आणि रस्त्याला घासणार नाही एवढी सैल ठेवा. आणि एक, ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र मोटार वाहन आहे, त्याची नोंदणी लागते. सेकंडहँड घेतलीय तर तिची कागदपत्रं तुमच्या नावावर झालीत का, हे आधी आरटीओत बघून घ्या, वायरिंग नंतर.

गाडीचं मॉडेल आणि साल खाली लिहिलंत, तर बॉडी मॉड्यूलपर्यंत न जाता इशाऱ्याच्या वायरी डिकीत कुठे सापडतील ते सांगता येईल.