लाकडी बाणाचे टोक पक्के बसवताना
बाणाचे धातूचे पोकळ टोक निसटून लक्ष्यातच राहिले की दोष गोंदाला दिला जातो, पण माझ्या अनुभवात तो बहुधा टोकाच्या आतल्या तेलकटपणाचा असतो. म्हणून ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस आत फिरवावा, तो काळा यायचा थांबेपर्यंत. ॲसिटोन पूर्ण उडून गेल्यावरच टोक तापवण्यासाठी ज्योत पेटवावी. दांड्याचा शेवट 5 अंशांच्या उताराने तासावा आणि त्या भागाला बोट लावू नये, कारण हाताचा घामही पकड सैल करतो. गोंदकांडी (तापवल्यावर वितळणारी गोंदाची कांडी) वापरताना टोक पक्कडीत धरून तापवावे, लाकूड कधीही नाही. जळलेल्या लाकडाला गोंद धरत नाही. गोंद वितळवून लावल्यावर दांडा फिरवत टोकात बसवावा, लगेच कठीण फळीवर दाबावा आणि मग बाण गरकन फिरवून पाहावा: टोक थरथरले, तर पुन्हा तापवून सरळ करता येते.