'साभार पोच'च्या पुढे : स्वखर्चाने काढलेल्या पुस्तकाला परीक्षक कसे मिळतात

ताई, आपला प्रश्न मी दोनदा वाचला. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्यात राहून आपण स्वखर्चाने ३०० प्रती छापल्या आणि ११ कथांचा संग्रह काढलात. त्यातल्या ४२ प्रती वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांना आणि पुण्या-मुंबईच्या नामवंतांना पाठवल्या, आणि पाच महिन्यांनी पदरात पडले ते दोन ठिकाणच्या 'साभार पोच'मधले, म्हणजे मिळालेल्या पुस्तकांच्या यादीतले, नाव. आता एका गृहस्थांनी पैसे घेऊन परीक्षण लिहून देण्याची तयारी दाखवली आहे, ते स्वीकारावे का, असे आपण विचारता. त्याचे उत्तर आधी देतो, कारण त्यावर बाकीचे सारे अवलंबून आहे : स्वीकारू नका.

हे सांगण्यामागे माझा स्वतःचा एक अपराध आहे. माझी पहिली कादंबरी मी अमळनेरला स्वखर्चाने काढली. तिच्यावर कुणी लिहीत नाही असे दिसल्यावर तिचे परीक्षण मी स्वतःच लिहिले आणि एका मित्राच्या संमतीने त्याच्या नावावर एका पुरवणीत छापून आणले. असे करणारे आपल्या भागात बरेच आहेत आणि त्यात कुणाला फारसे वावगे वाटत नाही. मलाही तेव्हा वाटले नव्हते. पंधरा दिवसांनी माझे शाळेतले मराठीचे गुरुजी घरी आले. त्यांनी कादंबरी वाचली होती, समासात पेन्सिलीने खुणा केल्या होत्या आणि तिच्यावर चार पाने लिहूनही ठेवली होती. पुरवणीतले परीक्षण वाचताच भाषेवरून त्यांना लिहिणारा ओळखू आला, आणि आता आपण लिहिलेलेही लोक तसलेच समजतील म्हणून ती चार पाने त्यांनी मला दिली नाहीत. माझ्या पुस्तकाकडे चालत आलेले एकमेव खरे परीक्षण माझ्याच खोट्या परीक्षणाने अडवले, याची खंत मला आजही आहे.

नियतकालिकाने परीक्षकाला मानधन देणे रास्त आहे. लेखकाने ते दिले की त्या मजकुराला परीक्षण म्हणता येत नाही. ऑनलाइन विक्रीच्या ठिकाणीही हाच न्याय आहे. ॲमेझॉनच्या नियमांत विकत घेतलेले, तसेच नातेवाइकांनी आणि जवळच्या स्नेह्यांनी लिहिलेले अभिप्राय बसत नाहीत. मोफत प्रत देता येते, पण 'अभिप्राय लिहा' किंवा 'चांगला लिहा' अशी अट तिला जोडता येत नाही. भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये काढलेले आयएस १९००० हे मानकही विकत घेतलेल्या अभिप्रायांच्या विरोधात आहे. म्हणून घरच्या आणि भावकीच्या मंडळींना कौतुक तोंडी करू द्या, पण त्यांच्याकडून ताऱ्यांची माळ लावून घेऊ नका.

आता आपल्या ४२ प्रतींचे काय झाले असेल ते पाहू. परिचय, परीक्षण आणि समीक्षा या तीन निराळ्या गोष्टी आहेत आणि त्या मागण्याच्या जागाही निराळ्या आहेत. वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत येतो तो बहुधा परिचय, म्हणजे पुस्तकात काय आहे हे सांगणारा तीन-चारशे शब्दांचा मजकूर. परीक्षणात लिहिणारा पुस्तकाचे गुणदोष तपासतो आणि त्यासाठी नियतकालिकाची मोठी जागा लागते. समीक्षा फार पुढची गोष्ट आहे. ती लेखकाची दोन-तीन पुस्तके झाल्यावर, एखाद्या अभ्यासकाला त्यात काही सूत्र दिसले तर होते, आणि ती मागून मिळत नाही. पहिल्या पुस्तकाने पहिल्या दोन गोष्टींचीच अपेक्षा ठेवावी. कचेरीच्या नावाने गेलेली प्रत मात्र या दोन्हींपर्यंत पोचत नाही, कारण संपादकाच्या टेबलावर पुस्तकांचा ढीग असतो आणि त्या ढिगातून आपले पुस्तक वर काढण्याचे कुणालाच कारण नसते. याउलट 'या पुस्तकावर मी लिहू का' असे विचारणारा विश्वासू लिहिणारा संपादकाला हवाच असतो. म्हणून प्रत कचेरीला पाठवू नये, लिहिणाऱ्या माणसाला पाठवावी.

तो माणूस वाचूनच सापडतो, आणि हा भाग कष्टाचा असला तरी टाळण्यासारखा नाही. जिल्हा ग्रंथालयात किंवा एखाद्या जुन्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात चार-पाच दिवस बसा आणि मागच्या दोन वर्षांचे अंक काढून घ्या : १९६४ पासून ग्रंथव्यवहाराला वाहिलेले 'ललित', साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेले 'साधना', महाराष्ट्र साहित्य परिषदेची 'महाराष्ट्र साहित्य पत्रिका', विदर्भ साहित्य संघाचे 'युगवाणी', मराठवाडा साहित्य परिषदेचे 'प्रतिष्ठान'. आपला कवितासंग्रह असता तर पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ मध्ये धुळ्याहून सुरू केलेल्या 'कवितारती'चे नाव मी सर्वांत आधी घेतले असते. या अंकांतून कथासंग्रहांवर, विशेषतः ग्रामीण आणि आदिवासी भागातल्या कथांवर, कोण लिहिते ते वहीत उतरवा. नावापुढे त्या व्यक्तीचे लक्ष कशाकडे जाते तेही लिहा. कुणी भाषा पाहतो, कुणी स्त्रीपात्रे, कुणी शेतीचे अर्थकारण. वहीत चाळीस नावे होतील. आपल्या कथांशी ज्यांचे खरोखर जुळेल अशी दहा ठेवा आणि बाकीची सोडून द्या. सोडून देताना जीवावर येते, विशेषतः नाव मोठे असेल तर, पण ज्याला आपला विषयच लागत नाही त्याला प्रत पाठवून त्याचा वेळ आणि आपला खर्च दोन्ही वाया जातात.

या दहा जणांना आधी प्रत न पाठवता पत्र पाठवा. ते दहा ओळींपेक्षा मोठे नसावे. त्यात आपण कोण, पुस्तक कशाचे, पृष्ठे किती, आणि नेमके त्यांनाच का लिहिले, हे यावे. अमुक अंकातील अमुक परीक्षणात त्यांनी बोलीतल्या संवादांविषयी जे लिहिले ते वाचून ही प्रत पाठवावीशी वाटली, असे एक खरे वाक्य पुरते. अकराही कथा वाचण्याची गळ घालू नका. पहिल्यांदा वाचावी अशी एक कथा सुचवा. शेवटी लिहा, की पुस्तक आवडले नाही तर तसे लिहिण्यास आपण पूर्ण मोकळे आहात आणि काहीच लिहावेसे वाटले नाही तरी माझी तक्रार नाही. हे वाक्य मनापासून लिहिले असेल तर वाचणाऱ्याला ते कळते. होकार आला की प्रत पाठवा. पुष्कळ नियतकालिके परीक्षणासाठी दोन प्रती मागतात, तेव्हा तेही आधीच विचारून घ्या.

प्रतीबरोबर एक सुटे पान ठेवा. परीक्षणाच्या शेवटी पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या आणि किंमत छापावी लागते, ती माहिती आणि प्रत कुठे मिळेल ते त्यावर असावे. मुखपृष्ठाचे चित्र आणि एका कथेचा युनिकोड मजकूर मेलने द्या. आपल्याकडच्या छापखान्यांत बरीच अक्षरजुळणी अजून श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडशी न जुळणाऱ्या जुन्या टंकात, होते आणि त्या फाइलमधून उतारा घ्यायचा तर परीक्षकाला तो पुन्हा टंकावा लागतो. टपालासाठी डाक विभागाने १ मे २०२५ पासून सुरू केलेली 'ज्ञान पोस्ट' सेवा विचारून पाहा : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. ती रस्ता-रेल्वेने जाते, म्हणून वेळ लागतो, पण पाकिटाचा माग काढता येतो; पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचे नाव मात्र असायलाच हवे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, घेतला नसेल तर पुढच्या आवृत्तीच्या वेळी राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून घ्या, तो विनामूल्य मिळतो. आणि स्वतः प्रकाशक झाल्यावर १९५४ च्या कायद्याने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रती देणे आपल्यावर बंधनकारक आहे, त्या हिशेबात धरा.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते लिहितो. आपण पुण्या-मुंबईकडे पाहिलेत आणि शहादा-तळोद्याकडे पाहिलेच नाही. आपल्या एका कथेत सारंगखेड्याचा घोडेबाजार आहे, असे आपण लिहिले आहे. दत्तजयंतीला त्या यात्रेत घोड्यांची पारख करणाऱ्या वाचत्या माणसाने, किंवा तालुक्यातल्या एखाद्या पशुवैद्याने ती कथा वाचून दोन पाने लिहिली, तर ते लिखाण कोणत्याही प्राध्यापकाला लिहिता येणार नाही असे असेल. माझ्या दुसऱ्या पुस्तकात सावद्याच्या केळीच्या मालगाड्यांचे प्रकरण होते. भुसावळच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याने मला चार पानी पत्र लिहिले. वॅगन भरण्याचे वर्णन त्याला अचूक वाटले होते, पण एका प्रसंगाचा महिना चुकला आहे हे त्याने सप्रमाण दाखवले होते. त्याच्या परवानगीने त्या पत्राची झेरॉक्स मी एका परीक्षकाला पुस्तकाबरोबर पाठवली, चुकीसकट. त्या परीक्षकाने नंतर मला सांगितले की पुस्तक उघडण्याचे कारण ते पत्र होते. पंधरा वर्षांत एवढा परिणाम माझ्या कोणत्याही शिफारसपत्राने साधलेला नाही.

बोलीच्या दृष्टीनेही आपल्या भागातला वाचक आधी हवा. धुळे-शिरपूरकडची अहिराणी, जळगावच्या पूर्वेकडची तावडी, रावेर-यावलची लेवा गणबोली आणि आपल्या नंदुरबारकडची पावरी, भिली यांत केवढे अंतर आहे हे बाहेरच्या परीक्षकाला माहीत नसते. त्याला संवाद अडतात आणि मग तो 'बोलीचा वापर समर्थ आहे' असे मोघम लिहून पुढे जातो. म्हणून संवादांवर आधी इथल्या जाणत्याची नजर फिरू द्या आणि बाहेर पाठवायच्या प्रतीत दोन पानी शब्दार्थसूची घाला. बहिणाबाईंच्या कविता त्यांच्या निधनानंतर त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी आचार्य अत्र्यांपर्यंत नेल्या आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या पुस्तकरूपाने आल्या, हे आपण सारे अभिमानाने सांगतो. त्यात मला नेहमी दिसते ते असे, की बोली जाणणारा घरचा माणूस आधी होता आणि तो वही घेऊन एका योग्य वाचकाकडे गेला.

हेही त्यातूनच निघते, की पुढच्या पुस्तकाला परीक्षक छपाईआधी शोधावेत. पुस्तक बाहेर येण्यापूर्वी तीन-चार महिने हस्तलिखिताच्या स्पायरल केलेल्या चार-पाच प्रती योग्य हातांत द्याव्यात. त्यातून दुरुस्त्या कळतात, मलपृष्ठावर घालण्याजोगे एखादे प्रामाणिक वाक्य मिळते आणि पुस्तक येईल त्या महिन्यात त्यावर लिहायला दोन माणसे तयार असतात. दिवाळी अंकांचा मजकूर पावसाळ्यातच ठरू लागतो, हे लक्षात ठेवावे.

ग्रंथालये आणि महाविद्यालये वर्षातून काही ठरावीक वेळी कार्यक्रम शोधत असतात : १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, जानेवारीतला मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. त्याआधी दीड महिना मराठीच्या विभागप्रमुखांना पत्र लिहा आणि स्वतःचे भाषण ठेवायला सांगू नका; त्याऐवजी तीन विद्यार्थ्यांनी तीन कथांवर लिहून वाचावे आणि आपण फक्त ऐकावे, असे सुचवा. एम.ए.ची मुले बिचकत का होईना, खरे बोलतात. त्यांतले एखादे टिपण चांगले असेल तर त्याच विद्यार्थ्याच्या नावाने, त्याच्या संमतीने, ते स्थानिक पुरवणीला जाऊ शकते. बुकगंगा किंवा गुडरीड्सवरही तो ते स्वतः लिहू शकतो. मोठ्या साहित्यमेळ्यात भेटेल त्याच्या हाती प्रत देण्याचा उपयोग नसतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले तेव्हा मी पिशवीभर प्रती अशाच वाटल्या. त्या गर्दीत कुणाच्या लक्षात काय राहणार? तिथे फक्त ओळख करून घ्यावी, पत्ता घ्यावा आणि आठवडाभराने पत्र लिहावे.

प्रत पोचल्यावर दोन महिने थांबा, मग एकच आठवण द्या, तीही लेखी. फोन करू नका. परीक्षण प्रतिकूल आले तर आभार माना आणि खुलासा पाठवू नका. अनुकूल आले तर त्यातले वाक्य अर्धे तोडून वापरू नका. आणि या काळात आपणही दुसऱ्यांच्या पुस्तकांवर लिहायला लागा, पण 'तुम्ही माझ्यावर लिहा, मी तुमच्यावर लिहितो' असा सौदा कुणाशीही करू नका. दोन-तीन अंकांत आपले परीक्षण छापून आले की संपादक आपल्याला नावाने ओळखतात आणि पुढचे पत्र ते उघडून वाचतात.

आपल्याकडे अजून सव्वाशे प्रती शिल्लक आहेत, असे आपण लिहिले आहे. त्यातल्या पंचवीस परीक्षणासाठी बाजूला काढा, त्यापेक्षा जास्त लागणार नाहीत. पैसे मागणाऱ्या गृहस्थांना दोन ओळींत नम्र नकार कळवा, आणि मग पहिली प्रत सारंगखेड्याला स्वतः घेऊन जा.