पाच मिनिटांची प्रार्थना पुरते का?

प्रश्न : आई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून माझी प्रार्थना सुटली. दर जानेवारीत वर्षभरात अख्खं बायबल वाचायचं ठरवते आणि महिन्याभरात ते बंद पडतं. मग राहिलेले अध्याय भरून काढायचा प्रयत्न करते, तोही फसतो. आई रोज पहाटे तासभर गुडघ्यांवर असायची. मी कशीबशी पाच मिनिटं बसते आणि लाज वाटून उठते. इतकंसं देवाला काय द्यायचं?

प्रिय भगिनी, प्रभूमध्ये सलाम.

आईच्या तासाशी तुम्ही तुमची पाच मिनिटं मोजता, तिथेच खरं दुखतंय. बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकात, तिसऱ्या अध्यायात असंच दुखणं आहे. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या यहुदी लोकांनी मंदिराचा नवा पाया घातला. पहिलं मंदिर डोळ्यांनी पाहिलेले म्हातारे तो पाया पाहून मोठ्याने रडले. बाकीचे आनंदाने ओरडत होते आणि रडणं कुठलं, जयघोष कुठला, हे कुणाला ओळखू येईना. त्या रडण्याबद्दल शास्त्रात त्यांना कुणी रागावत नाही. तेव्हा प्रार्थनेला बसल्यावर आईच्या आठवणीने रडू आलं तर येऊ द्या, ते प्रार्थनेतच धरा.

पुढे ते बांधकाम विरोधामुळे कित्येक वर्षं थांबलं. दारयावेश राजाच्या दुसऱ्या वर्षी ते पुन्हा सुरू झालं आणि सहाव्या वर्षी पुरं झालं. त्याच दुसऱ्या वर्षी जखऱ्या संदेष्ट्याने विचारलं, की अल्प आरंभाचा दिवस कोणी तुच्छ लेखला? आनंद व्हायचा होता तो मंदिर बांधणाऱ्या जरुब्बाबेल अधिपतीच्या हातात ओळंबा पाहून. अजून भिंती उभ्या नव्हत्या. गवंड्याचं एक हत्यार तेवढं हातात होतं.

आता योजना का बंद पडते ते पाहू. 66 पुस्तकांचे 1,189 अध्याय 365 दिवसांत बसवायचे तर रोज तीन-चार अध्याय होतात. उत्पत्तीचे 50 आणि निर्गमचे 40 संपवून माणूस जानेवारीच्या अखेरीस लेवीय या तिसऱ्या पुस्तकात पोचतो. तिथे होमार्पणाचे नियम सुरू होतात आणि दुःखात असलेल्या मनाला ते पेलत नाहीत. तुमची श्रद्धा कमी पडली असं मला वाटत नाही. दोन दिवस चुकले की सहा-सात अध्यायांची थकबाकी होते आणि मग बायबल उघडणं म्हणजे सावकाराच्या दारात जाणं वाटू लागतं.

ही थकबाकी आजच सोडून द्या. निर्गमच्या 16व्या अध्यायात मान्ना, म्हणजे रानात देवाने इस्राएल लोकांना दिलेलं अन्न, माणशी एक ओमर (त्या काळचं एक माप) मिळे. ज्याने जास्त गोळा केला त्याचा उरला नाही, ज्याने कमी केला त्याला कमी पडला नाही. शब्बाथासाठीचा, म्हणजे विश्रांतीच्या सातव्या दिवसासाठीचा, सोडला तर सकाळपर्यंत ठेवलेल्यात किडे पडत. कालचं आज खाता येत नव्हतं आणि त्यासाठी दंडही नव्हता. कृपा अशीच रोजची असते. तुमची पाच मिनिटं ही तिची किंमत नव्हे, ती घ्यायला पुढे केलेला हात आहे. ‘देवाला काय द्यायचं’ असं तुम्ही विचारता. आधी घ्यायला बसा.

वेळ घड्याळावर ठरवू नका, रोज न चुकणाऱ्या कामाला जोडा. दात घासून झाले की त्याच खुर्चीत बसायचं, फोन दुसऱ्या खोलीत. एक मिनिट गप्प. मग मार्काच्या शुभवर्तमानातली दहा-बारा वचनं ओठ हलवून वाचा. सोळा अध्यायांचं हे पुस्तक अशाने दोनेक महिन्यांत होतं. तारखांचं वेळापत्रक नको, पानात फक्त खूण ठेवा. दिवस चुकला, अगदी आठवडा चुकला, तरी खुणेपासूनच पुढे. शेवटी प्रभूची प्रार्थना मोठ्याने म्हणा, अर्धं मिनिट लागतं. स्वतःचे शब्द सुचत नाहीत तेव्हा ही प्रार्थना आयती हाताशी असते. मग वहीत कालची एकच कृपा लिहा, पण नेमकी. ‘सगळ्याबद्दल धन्यवाद’ असं लिहिलं की आठवड्यात वही कोरडी पडते. ‘शेजारीण जिन्यात थांबून बोलली’ असं लिहाल तर दिवसभर नजर शोधत राहते.

काही सकाळी काहीच वाटणार नाही. त्या दिवशी मार्क बाजूला ठेवा आणि स्तोत्र 13 वाचा. सहाच वचनं आहेत, सुरुवातच ‘कुठवर?’ अशी. त्याहून अंधार असेल तर 88 आहे. त्याचा शेवटही अंधारातच होतो आणि तरी ती प्रार्थनाच आहे.

मंडळीतल्या एका विश्वासू बहिणीला आठवड्यातून एकदा ‘बसले’ किंवा ‘नाही बसले’ एवढंच कळवा. उपदेश करणारी नको, ऐकणारी निवडा.

दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, भूक मेली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा आणि घरातल्या कुणाला तरी सांगा. जगणं नकोसं झालं असेल तर दोन आठवडे मोजत बसू नका, आजच जा. एलीया संदेष्ट्याने मरण मागितलं तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, मग पुन्हा खायला उठवलं. ‘येथे तू काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न त्यानंतर आला.

उद्या मार्क 1, वचनं 1 ते 11 घ्या. अकराव्या वचनाशी थांबून ते दोनदा वाचा. ‘तू माझा प्रिय पुत्र’ ही आकाशातून वाणी झाली तेव्हा मार्काच्या वृत्तान्तात येशूने अजून एकही चमत्कार केलेला नाही, एकही उपदेश दिलेला नाही.