भर समुद्रात टाकलेला कचरा सरकारला कळतो कसा?

प्रश्न : जहाजं भर समुद्रात कचरा टाकतात म्हणे, पण तिथे ना पोलीस ना कॅमेरा. मग सरकार लक्ष ठेवतं म्हणजे नक्की करतं काय?

उत्तर : तुमची शंका रास्तच आहे. टाकताना रंगेहाथ सापडणं फार कमी वेळा होतं, म्हणून खरी तपासणी चालते ती बंदरात, तीही कागदावरून. मार्पोल नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यातला कचऱ्याबद्दलचा भाग 1988 च्या शेवटी लागू झाला, त्यानुसार प्लास्टिक कितीही लांब गेलात तरी समुद्रात टाकायचंच नाही. मोठ्या जहाजांना कचऱ्याची नोंदवही ठेवावी लागते, इन्स्पेक्टर ती उघडून हिशेब मांडतो की माणसं एवढी, प्रवास एवढ्या दिवसांचा, मग प्लास्टिक इतकंच कसं निघालं आणि बंदरात उतरवल्याची पावती कुठंय. घोळ दिसला तर जहाज अडकवून ठेवता येतं आणि ते मालकाला चांगलंच महागात पडतं.

तेलाचं जरा वेगळं आहे. तेलाच्या तवंगाखाली पाण्यावरच्या बारीक लहरी दबतात, त्यामुळं उपग्रहाच्या रडारला तिथे काळा पट्टा दिसतो, रात्री असो की ढग असोत. युरोपात 2007 पासून क्लीनसीनेट ही सेवा हेच बघते, मग एआयएस सिग्नलवरून (जहाज आपली ओळख आणि जागा सतत कळवत असतं तो रेडिओ सिग्नल) त्या वेळी तिथून कोणतं जहाज गेलं ते शोधतात. वारा पूर्ण पडलेला असला की साधं पाणीपण काळंच दिसतं, म्हणून विमान पाठवून खात्री करतात. पण बुडालेली प्लास्टिकची पिशवी कुठल्याच रडारला दिसत नाही, ते मला फार खुपतं.

बंदरातला उपसलेला गाळ वगैरे परवानगी घेऊन टाकता येतो, त्यासाठी 1972 चा लंडन करार आणि 1996 चा प्रोटोकॉल, म्हणजे त्याचा सुधारित करार, आहे. प्रोटोकॉलमध्ये परवानगी मिळू शकणाऱ्या गोष्टींची यादी आहे आणि त्या यादीत नाही ते सगळंच बंद, हे मला जास्त पटतं.

आणि हो, मोठी प्रकरणं बऱ्याचदा आतल्या माणसामुळंच बाहेर येतात. 2013 मध्ये एका क्रूझ जहाजावर नव्यानं लागलेल्या इंजिनिअरनं चोरपाइप बघितला, तेलकट पाणी त्यातून गुपचूप समुद्रात सोडत होते. त्यानं तक्रार केली, नोकरी सोडली, आणि 2016 मध्ये कंपनीनं गुन्हा कबूल करून 4 कोटी डॉलर दंड मान्य केला. अमेरिकेत कोर्ट अशा माणसाला दंडातला निम्म्यापर्यंत वाटा देऊ शकतं, आणि असा कायदा प्रत्येक देशानं करावा असं मला मनापासून वाटतं.