वडील गेले, भावाची बारावी आहे : आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या

भाऊ, तुमची पोस्ट वाचली. वडील जानेवारीत अटॅकने गेले, लहान भाऊ घाटंजीकडच्या गावात आईजवळ, बारावी सायन्स, प्रॅक्टिकल हुकली, पुस्तक हातात घेत नाही, आणि नातेवाईक म्हणतात यंदा ड्रॉप घेऊ द्या. तुम्ही पुण्यात नोकरीला. हेच सगळं आमच्या घरात होऊन गेलं, तुमच्या भावाच्या जागी माझी भाची होती. म्हणून लिहायला बसलो. मी शिक्षक नाही, वावर पाहणारा माणूस आहे. बोर्डाच्या तारखा आणि फी दरवर्षी बदलते, तेवढं विभागीय मंडळाच्या सूचनेतून पाहून घ्या. यवतमाळ जिल्हा अमरावती विभागात येतो.

टाइमटेबल कसं लावायचं, कोणते धडे करायचे, ते त्याचे सर सांगतील. तुमचं आजचं काम प्रॅक्टिकलचं आहे. आजारपण किंवा घरातला मृत्यू अशा कारणाने ज्यांची प्रॅक्टिकल ठरल्या वेळी होत नाही त्यांच्यासाठी बोर्ड 'आउट ऑफ टर्न' परीक्षा घेतं. तिला मोजकेच दिवस असतात आणि सगळं कॉलेजमार्फत चालतं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, तिन्हींत प्रॅक्टिकलचे ३०-३० गुण आहेत. ते गेले तर लेकरू ७० मधूनच लढतं, तेही अशा डोक्याने.

आमचा घात इथेच झाला. भाऊजी, म्हणजे भाचीचे वडील, नागपूरच्या दवाखान्यात वारले. बहिणीचा दीर कॉलेजच्या ऑफिसात गेला तर टेबलावरचे बाबू म्हणाले, मृत्यूचा दाखला आणा, मग अर्ज घेतो. गावच्या ग्रामसेवकाकडे गेलो. त्यांनी बरोबर तेच सांगितलं, माणूस जिथे मरण पावतो तिथे नोंद होते, दाखला नागपूर महानगरपालिकेचाच लागेल. घरात तेरवी व्हायची, हरभरा सोंगणीला आलेला, त्यात नागपूरला माणूस पाठवायचा. आम्ही म्हणत होतो, दाखला मागाहून जोडतो, अर्ज तर ठेवून घ्या. दवाखान्याचा कागद होता, तेरवीची पत्रिका होती, सरपंचांचं पत्र होतं. नाहीच घेतला. दाखला आला तेव्हा बाबू रजेवर. दुसरे म्हणाले, ते काम त्यांच्याकडे आहे. ते आले तर प्राचार्यांची सही पाहिजे, आणि प्राचार्य परीक्षेच्या कामात. शेवटी एक दिवस सांगितलं, "मुदत संपली, आता बोर्डही काही करणार नाही."

आणि आम्ही मुदतीत आलो होतो हे दाखवायला आमच्याकडे चिटोराही नव्हता. पुढे विभागीय मंडळात चौकशी केली तेव्हा कळलं की तिच्या नावाचं पत्र कॉलेजातून निघालंच नव्हतं. बाप जाऊन पंधरवडा झालेली पोरगी त्या खिडकीसमोर उभी होती आणि आतला माणूस म्हणाला, "सगळ्यांच्याच घरी काही ना काही होत असतं." मला ते वाक्य आजही झोंबतं. असं बोलणाऱ्याला तिथे बसवू नये.

म्हणून हात जोडून सांगतो, तोंडी काहीही करू नका. अर्जाच्या दोन प्रती करा. 'मृत्यूचा दाखला मिळताच सादर करतो' हे वाक्य अर्जातच लिहा. एक प्रत द्या, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. घेत नसतील तर वाद घालू नका, त्याच दिवशी पोस्टातून प्राचार्यांच्या नावे रजिस्टर करा आणि एक प्रत विभागीय सचिवांना पाठवा. तुमचे वडील घरीच गेले असतील तर तुमचा दाखला ग्रामपंचायतीतच होईल. २१ दिवसांच्या आत नोंद केली तर त्याला फी नाही. प्रती जास्तीच्या काढून ठेवा, वारस नोंद, बँक, शेतकर्जाची सोसायटी, सगळीकडे मागतात. आणि भावाचं प्रॅक्टिकलचं जर्नल कुठे आहे ते आजच बघा. सरांच्या सह्या राहिल्या असतील तर कॉलेजातल्या एखाद्या भल्या सरांना गाठा. असे सर असतात, ऑफिसपेक्षा स्टाफरूममध्ये आधी जायचं.

घरात मृत्यू झाला तर वाढीव गुण मिळतात असं वाचल्याचं तुम्ही लिहिलं आहे. ते इंग्लंडातलं. तिथे परीक्षेच्या तोंडावर जवळचं माणूस गेलं तर शाळेने कळवल्यावर गुणांत थोडी भर घालतात, तीही जास्तीत जास्त ५ टक्के. आपल्या बोर्डात खेळाचे वाढीव गुण आहेत, दहावीला चित्रकलेचे आहेत, घरातल्या मरणाचे नाहीत. असायला पाहिजेत असं माझं ठाम मत आहे. ज्या जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्येच्या मदतीचे प्रस्ताव तहसीलला पात्र-अपात्रच्या फायलीत फिरत असतात, तिथे किती पोरं त्याच फेब्रुवारीत पेपरला बसत असतील याचा विचार कोणीतरी करायला हवा. असो, हा विषय निघाला की मी वाहवत जातो.

आता पुस्तकाचं. भाऊ आळशी झालेला नाही. माझी भाची खाटेवर केमिस्ट्रीचं पुस्तक घेऊन बसायची, आम्हाला वाटायचं अभ्यास चालला आहे. एकदा जवळ जाऊन पाहिलं, तर एकाच ओळीखाली पेन्सिलने इतक्या वेळा रेघ मारली होती की कागद फाटला होता. झोप नाही, भूक नाही, वाचलेलं टिकत नाही. त्यात भेटायला येणारे. एक खोली, दर तासाला नवीन मंडळी, दारातूनच हंबरडा, की आई परत पहिल्यापासून रडते आणि पोरगं ते ऐकतं. तेरवी झाल्याबरोबर त्याला तालुक्याला मावशीकडे, मित्राकडे, कुठेही पाठवा. लोक म्हणतील, आईला सोडून गेला. म्हणू द्या. आईजवळ परीक्षेपुरती एखादी काकू, आत्या राहू द्या.

त्याच्यासमोर दोन वाक्यं कोणाला बोलू देऊ नका. एक, "आता तूच घरचा कर्ता." दुसरं, "बाबाचं स्वप्न पूर्ण कर." लोक मायेनेच बोलतात, पण मग पेपर अवघड गेला की लेकराला वाटतं आपण मेलेल्या बापाला फसवलं. सोसायटीच्या थकबाकीचं बोलणंही त्याच्या माघारी करा.

ड्रॉपच्या मी विरोधात आहे. वर्षभर रिकामा राहिलेला पोरगा वावरात, मग कोणाच्या दुकानात, आणि परत वर्गात येतच नाही, असं मी आमच्या गावात पाहिलं आहे. पेपरला बसू द्या, जेवढं येईल तेवढं लिहू द्या. एखादा विषय राहिला तर जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा आहे. पास झाला पण गुण कमी पडले तर श्रेणीसुधारला सगळे विषय घेऊन परत बसता येतं. निकालानंतर फॉर्म भरायला फार दिवस देत नाहीत, तेवढं लक्ष ठेवा. भाची केमिस्ट्रीत राहिली होती, पुरवणीत सुटली. पण तोवर तिला पाहिजे होता तो प्रवेश निघून गेला, आणि तो त्या खिडकीमुळे गेला असं मी अजून मानतो.

मात्र तो जेवतच नसेल, रात्रभर जागा राहत असेल, किंवा "मीच जायला पाहिजे होतो" असं काही बोलत असेल, तर परीक्षा बाजूला. त्याला एकटं सोडू नका, सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलतात.

जाता जाता एक. भाऊ अठराच्या आतला असेल तर बाल संगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करून ठेवा, २०२३ पासून महिन्याला २२५० रुपये केले आहेत. आईसाठी तहसीलमध्ये संजय गांधी निराधारचं विचारा. दोन्हींना उत्पन्नाचा दाखला लागेल. पण हे सगळं परीक्षेनंतर केलं तरी चालेल, आणि भावाला रांगेत उभं करू नका.

पहिला पेपर इंग्रजीचा असतो. अकराचा पेपर म्हणजे साडेदहाला हॉलमध्ये. गावच्या एसटीच्या भरवशावर त्याला सोडू नका. रजा मिळत असेल तर त्या दिवशी तुम्ही स्वतः या, गाडीवर केंद्रावर न्या, सुटेपर्यंत बाहेर थांबा. पेपर कसा गेला ते विचारू नका, आधी जेवायला न्या. अर्जाचा मसुदा पाहिजे असेल तर सांगा, आज रात्रीच इथे टाकतो.