सिनेबेंच (प्रोसेसरवर फुल लोड टाकणारी टेस्ट) चालवल्यावर रायझन ७७००एक्स प्रोसेसर लगेच ९५ डिग्रीला जातो, आयडललापण (काही काम चालू नसताना) ४५ च्या आसपास उड्या मारतो, कूलर खराब आहे का?

नुसत्या ९५ आकड्यावरून कूलर खराब आहे असं म्हणता येत नाही, कारण रायझन ७००० सिरीजचे एक्सवाले प्रोसेसर बनवलेच तसे आहेत, फुल लोडवर ९५ पर्यंत चढायचं आणि तिथेच राहून जमेल तेवढा क्लॉक (वेग) द्यायचा, एएमडीने २०२२ ला लाँचच्या वेळीच हे सांगितलं होतं. आयडलला ४५ च्या आसपास उड्या मारतोय म्हणताय ते सोडून द्या, मागे काहीतरी छोटं काम चालू झालं की बूस्ट होतो (क्षणभर वेग वाढवतो), त्याने असं दिसतं.

खरं बघायचं ते वॅट. एचडब्ल्यूइन्फो (सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) सेन्सर्स ओन्लीमध्ये उघडा, सिनेबेंच आर२३ चा १० मिनिटांचा मल्टीकोर रन लावा आणि टेम्परेचरसोबत पीपीटी (प्रोसेसर किती वॅट ओढतोय ते) आणि क्लॉकपण बघा. ७७००एक्सची पीपीटीची स्टॉक लिमिट १४२ वॅट आहे. त्याच्या जवळपास जाऊन ९५ दाखवत असेल तर काळजी नको. पण ९०-१०० वॅटलाच ९५ होत असेल तर मात्र गडबड आहे, आणि बहुतेक वेळा कूलर खराब नसतो, बसवलेला नीट नसतो.

खात्री करायची तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ६५ वॅटचा इको मोड लावून (नाव ६५ चं, पण पीपीटीची लिमिट ८८ वॅट) तोच रन परत करा. बऱ्यापैकी टॉवर कूलर असेल तर आता ९५ च्या बराच खाली राहायला पाहिजे. तरीही ९५ च आलं तर कूलर उतरवा, खालची प्लास्टिकची फिल्म काढायची राहिलीय का बघा (हसू नका, भरपूर जणांची राहते), थर्मल पेस्ट सगळीकडे पसरलीय का बघा, आणि लिक्विड कूलर असेल तर उतरवायच्या आधी पंपाचा आरपीएम येतोय ना ते चेक करा. लिक्विडवाल्यात १० मिनिटं पण कमी पडतात, पाणी तापायला वेळ लागतो, अर्धा तास तरी चालवा.

कॅबिनेटचं साइड पॅनल उघडून टेस्ट करा असं बरेच जण सांगतात, ती इको मोडमध्येच करा. नाहीतर थंडावा वाढला तरी हा प्रोसेसर जास्त वॅट ओढून परत ९५ वरच जाणार आणि तुम्हाला वाटणार काही फरकच नाही. दोन्ही रनला खोलीचं तापमान सारखं ठेवा, खोली ५ डिग्रीने तापली की प्रोसेसरपण साधारण तेवढाच वर जातो.

प्राइम९५ (अजून एक लोड टेस्ट) च्या स्मॉल एफएफटी या सगळ्यात जड मोडच्या मागे लागू नका, एवढा लोड रोजच्या वापरात येतच नाही.